परतणारी फांदी आणि वेगळी चूल

कोल्हापुरात ‘विलीनीकरण’ म्हटलं की इतिहास वाचलेल्या माणसाला १ मार्च १९४९ ही तारीख आठवते. त्या दिवशी करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आज याच शहरातल्या सॉफ्टवेअरच्या कचेरीत तो शब्द ‘मर्ज’ होऊन दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. ‘माझी ब्रँच मर्ज झाली का?’ ‘आत्ता करू नको, कॉन्फ्लिक्ट येतोय.’ साम्य शब्दापुरतंच आहे असं नाही. एका मुळापासून दोन प्रती निघाल्या, दोन्ही आपापल्या वाटेनं वाढल्या, आणि पुढं त्या एकत्र आणायची वेळ आली तर काय करायचं, हा प्रश्न गादीला पडला, पोथीला पडला, फौंड्रीतल्या पॅटर्नला पडला आणि गेल्या पन्नास वर्षांत संगणकाच्या प्रोग्रॅमलाही पडला. या शेवटच्या प्रकाराला ‘ब्रँच सांभाळणं’ म्हणतात. त्यावर लिहिलं गेलंय उदंड, आणि त्यातलं बरंचसं आकृत्यांच्या रूपात आहे: समांतर रंगीत रेघा, त्यांच्यावर ठिपके, एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण. आकृती पाहून काम सोपं वाटतं. पण रेघा कशा आखल्या यावर फारसं काही ठरत नाही, असं माझं मत आहे. आधी विचारायचं ते एवढंच की ही फांदी परत येणार आहे, की ही चूल कायमची वेगळी मांडली आहे? दोन्ही प्रकार रास्त आहेत. घोटाळा होतो तो एकाला दुसऱ्याचे नियम लावल्यामुळे.

आधी साधनाबद्दल थोडं. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकुराच्या फायली. त्यांत कोणी, कधी आणि काय बदललं याची रोजकीर्द ठेवणारी व्यवस्था म्हणजे व्हर्जन कंट्रोल, आणि त्या कीर्दीतली एकेक नोंद म्हणजे कमिट. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. दहा वर्षांनी वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. या दोन्हींचा रिवाज कुलपाचा. एकानं फाइल बदलायला घेतली की दुसऱ्यानं थांबायचं; तलाठ्यानं दप्तर घरी नेलं की गाव थांबतं, तसला प्रकार. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी सुरू केलेल्या सीव्हीएसनं कुलूप काढून टाकलं आणि दोघांना एकाच वेळी हात घालू दिला. २००० साली सबव्हर्जनचं काम सुरू झालं. त्यात ब्रँच काढणं स्वस्त होतं, पण आधी काय-काय एकत्र करून झालंय याची आठवण त्या यंत्रणेला २००८ सालच्या १.५ आवृत्तीपर्यंत नव्हती. तोवर कोणत्या नोंदीपासून कोणत्या नोंदीपर्यंतचे बदल आणले, हे माणसंच शेऱ्यात लिहून ठेवत. शेरा राहिला की तोच बदल दुसऱ्यांदा आणायची पाळी. मग एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलची मंडळी वापरत असलेल्या बिटकीपर या व्हर्जन कंट्रोलचा फुकट परवाना बंद झाला, आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. गिटमध्ये ब्रँच म्हणजे एक चिठ्ठी: ४० अक्षर-अंकांचा एका कमिटचा पत्ता आणि ओळ संपल्याची खूण, मिळून ४१ बाइट. बदलापूरची ब्रँच असो की बोस्टनची, काढायला क्षणही लागत नाही. सबव्हर्जनच्या आधी ब्रँच महाग होती म्हणून लोक विचार करून काढत. आता ती फुकट झाली, आणि फुकट झालं ते जन्मणं; परतणं होतं तेवढंच महाग राहिलं.

ते महाग का, हे मर्जच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. दोन ब्रँच एकत्र करताना संगणक दोन प्रती समोरासमोर धरत नाही, तीन धरतो: माझी, तुझी आणि आपण दोघं जिथून निघालो ती. मूळ प्रतीत आणि माझ्या प्रतीत ओळ सारखी आहे, तुझ्यात वेगळी आहे, तर बदल तू केलास; तुझी ओळ घ्यायची. दोघांनीही ती ओळ बदलली असेल तर संगणक हात वर करतो. फायलीत सात ‘पेक्षा लहान’ची चिन्हं, माझा मजकूर, सात बरोबरची चिन्हं, तुझा मजकूर, सात ‘पेक्षा मोठे’ची चिन्हं, अशी ताटं वाढून ठेवतो आणि निवाडा माणसावर सोपवतो. सगळी करामत त्या तिसऱ्या प्रतीत आहे. ती हाती नसेल तर कोणाचं मूळ आणि कोणाची भर, हे सांगायला काही आधारच उरत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली तेव्हा नेमकं हेच दुखणं समोर होतं. १९१९ च्या एप्रिलात काम सुरू झालं आणि १९६६ च्या सप्टेंबरात संपलं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. उत्तरेकडची एक परंपरा, दक्षिणेकडची एक, त्यांत लिपीवार पोटशाखा: शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. फांद्या ढिगानं आणि मूळ हरवलेलं. ४७ वर्षं जी चालली ती एका अर्थी त्या तिसऱ्या प्रतीची शोधाशोध होती.

१९२५ पासून या कामाचे मुख्य संपादक असलेले वि. सी. सुखठणकर यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी अडचण मांडली, ती प्रत्येक प्रोग्रॅमरनं वाचावी अशी आहे. युरोपातल्या पाठचिकित्सेची रीत म्हणजे प्रतींचा वंशवृक्ष आखायचा आणि फांदीवरून उतरत खोडाशी यायचं. महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडेना, कारण नक्कल करणारे पंडित एकाच प्रतीवर विसंबत नव्हते. दुसरी प्रत शेजारी ठेवून तिच्यातलं आवडलेलं ते आपल्या प्रतीत ओढून घेत, समासात लिहीत, पुढचा लेखक समासातलं आत घेई. एका फांदीचा रस दुसरीत गेला, पण गेल्याची खूण राहिली नाही. म्हणजे फांद्या फुटल्यानं नव्हे, तर नोंद न ठेवता झालेल्या मर्जांमुळे वृक्ष आखणं अशक्य झालं. २००८ पूर्वीच्या सबव्हर्जनचं दुखणं तेच. आणि गिटमध्येही ते घरच्या घरी तयार करता येतं. एका ब्रँचमधला एकच कमिट उचलून दुसरीत ठेवणं, ज्याला चेरी-पिक म्हणतात, ते अडीनडीला फार उपयोगी. पण उचललेल्या कमिटला नवा पत्ता मिळतो आणि दोन्ही एकच आहेत हे वंशावळीत कुठंही दिसत नाही. वर्षभर हा उद्योग चालला की कोणती दुरुस्ती कुठं पोचली हे सांगायला सुखठणकरच लागतात.

याच्या उलट टोकाला पैठणचे एकनाथमहाराज. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. जवळपास तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत पाठभेद साचले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढं कोणी यात आपली ओवी घालू नये. आजच्या बोलीत सांगायचं तर मुख्य ब्रँचला कुलूप घातलं; परस्पर लिहायला मनाई. त्या एका कृतीनं वारकऱ्यांच्या हाती एक पाठ राहिला, याचं मोल मोठं आहे. पण ज्या प्रती ताडल्या त्या कोणत्या, कुठल्या ओवीला कोणता पाठ सोडला, हे मागं उरलं नाही. म्हणून तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडकडची एक प्रत हाती आल्यावर ती नाथांच्या आधीची आहे असा दावा करून १९०९ मध्ये छापावीशी वाटली, आणि त्यावर वाद झडले. एकत्र करणं आणि एकत्र कसं केलं हे जपणं, ही दोन कामं आहेत. गिटचा मर्ज कमिट दोन्ही आईबापांचे पत्ते पोटात ठेवतो. ही साधी तरतूद त्या काळच्या पोथीला करता येत नव्हती.

इथंच रीबेसचा वाद येतो, तो थोडक्यात निकालात काढू. रीबेस म्हणजे आपली फांदी मुळापासून सोडवून मुख्य ब्रँचच्या आजच्या शेंड्यावर नव्यानं रचणं; वाचणाऱ्याला वाटावं की काम सलग एका ओळीत झालं. मर्जवाल्यांना ही लबाडी वाटते, रीबेसवाल्यांना मर्जचा इतिहास म्हणजे गुंता वाटतो. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. तो बखर आणि रोजकीर्द यांच्यातला आहे. बखर वाचायला सुंदर, कारण मागाहून रचलेली. कीर्द रटाळ, कारण घडलं तसं टिपलेली. स्वतःच्या टेबलावर, कोणाला दाखवण्याआधी बखर करायला हरकत नाही. दुसऱ्यानं जिच्यावर काम सुरू केलंय ती कीर्द मात्र खोडू नये, कारण त्याच्या हातातली तिसरी प्रत त्यामुळे खोटी ठरते. या विषयावर यापेक्षा जास्त शाई खर्च करावी असं मला वाटत नाही.

कॉन्फ्लिक्टची लोकांना भीती वाटते. ती चुकीच्या गोष्टीची आहे. समोर येऊन भांडणारा कॉन्फ्लिक्ट परवडला, मुकाट्यानं होणारा नको. उदाहरण म्हणून एखाद्या गावच्या दूध संस्थेच्या हिशेबाचा प्रोग्रॅम घेऊ. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) बघून दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघतं, आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावर ‘फरक’ वाटला जातो. प्रोग्रॅममध्ये उत्पादकानं किती दूध घातलं हे सांगणारं एक फंक्शन आहे. ते लिटरमध्ये उत्तर देतं. एकानं आपल्या ब्रँचमध्ये ते किलोत द्यायला लावलं आणि त्याला दिसणाऱ्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. त्याच आठवड्यात दुसरीनं आपल्या ब्रँचमध्ये फरकाचा नवा तक्ता लिहिला. तिनं तेच फंक्शन बोलावलं आणि लिटरच्या दरानं गुणलं. दोघांनी वेगवेगळ्या फायलींना हात लावला, म्हणून मर्ज विनातक्रार झाला. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं. वर्षाला एक लाख लिटर गोळा करणाऱ्या संस्थेनं लिटरमागं दोन रुपये फरक दिला, तर दोन लाखांच्या जागी दोन लाख सहा हजार वाटले जातील. दोघांचं काम आपापल्या जागी बिनचूक आहे, गिटचंही चुकलेलं नाही. चूक आहे ती त्या आठवड्यात. म्हणजे दोन समजुती एकमेकींना न भेटता जितका काळ जगल्या त्या काळात. पहिल्याचा बदल दुसऱ्या दिवशी मुख्य ब्रँचमध्ये आला असता, तर तक्ता लिहिताना तिला किलो दिसले असते.

दुसरा नमुना खास आपल्या लिपीचा. पडद्यावरचा मराठी मजकूर वेगळ्या फायलीत असतो. त्यात ‘शेतकऱ्यांचे खाते’ अशी ओळ आहे. यातला ‘ऱ्य’ दोन-तीन प्रकारांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह देऊन; त्यात नुक्त्याचा ‘ऱ’ही कधी एका संकेतांकाचा तर कधी ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांचा. डोळ्याला तिन्ही सारखे. गिट मात्र बाइट मोजतो. एकाच्या कळफलकानं एक ‘ऱ्य’ दिला, दुसऱ्याच्या फोननं दुसरा, आणि मर्जच्या वेळी समोरासमोर दोन ओळी उभ्या राहिल्या: अक्षर न् अक्षर सारख्या, तरी भांडणाऱ्या. माणूस चष्मा पुसून पाहतो. हा कॉन्फ्लिक्ट निरुपद्रवी खरा, पण तीन महिन्यांच्या ब्रँचमध्ये असे दोनशे आले की माणूस न वाचता ‘माझं घ्या’ म्हणत सुटतो, आणि त्या दोनशेंत दडलेले दोन खरे कॉन्फ्लिक्टही त्याच सपाट्यात निकालात निघतात.

मग ब्रँच कशी सांभाळावी, यावर गेल्या पंधरा वर्षांत जी मतं पुढं आली त्यांचा माग घेतला तर ओघ एका दिशेला दिसतो. जानेवारी २०१० मध्ये नेदरलँड्सच्या व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी जी पद्धत मांडली ती ‘गिट फ्लो’ नावानं जगभर पसरली. मास्टर आणि डेव्हलप अशा दोन कायमच्या ब्रँच. त्यांच्या अंगाखांद्यावर नव्या कामाच्या, रिलीजच्या आणि तातडीच्या दुरुस्तीच्या ब्रँच. आकृती देखणी होती, अनेक कचेऱ्यांत भिंतीवर लागली. दुसऱ्याच वर्षी गिटहबच्या स्कॉट चॅकॉन यांनी आपल्याकडची रीत सांगितली, ती अगदी काटकसरीची: मुख्य ब्रँच कधीही ग्राहकाला देता येईल अशी ठेवा, त्यातून छोटी फांदी काढा, दुसऱ्याला दाखवा, मर्ज करा, संपलं. मार्च २०२० मध्ये तर खुद्द ड्रीसेन यांनी आपल्या जुन्या लेखाच्या डोक्यावर टीप चढवली: वेबवरचं सॉफ्टवेअर सतत बदलत राहतं, तिथं साधी पद्धत वापरा; ज्यांना क्रमांकवार आवृत्त्या द्यायच्या आहेत, एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळायच्या आहेत, त्यांना माझी पद्धत अजून जमेल. स्वतःच्या गाजलेल्या रचनेची हद्द स्वतःच आखून देणारे लोक थोडे. ही टीप मूळ लेखापेक्षा मोलाची आहे, कारण तिनं चुलीचा प्रश्न विचारला.

टोकाची बाजू ‘एकच खोड’वाल्यांची. गूगलनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तिथं सुमारे दोन अब्ज ओळींचा कोड एका भांडारात होता आणि पंचवीस हजारांवर अभियंते जवळजवळ सगळेच एका खोडावर काम करत. ब्रँच काढायची ती मुख्यतः रिलीजसाठी. २०१८ च्या ‘ॲक्सिलरेट’ या पुस्तकात निकोल फॉर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी हजारोंच्या पाहणीतून निष्कर्ष काढला की चालू ब्रँच तीनपेक्षा कमी आणि त्यांचं आयुष्य दिवसाहून कमी, अशा चमू अधिक चांगलं काम देतात. यावर आक्षेप घेता येतो आणि घ्यावाही. पाहणीतली माणसं स्वतःबद्दल स्वतःच सांगतात. शिवाय छोट्या ब्रँचमुळे चमू चांगली होते, की चांगल्या चमूला छोट्या ब्रँच झेपतात, हे अशा पाहणीतून सुटत नाही. मला वाटतं दुसऱ्या शक्यतेत बरंच तथ्य आहे. तरी दूध संस्थेच्या उदाहरणातली यंत्रणा पाहणीवर अवलंबून नाही. दोन समजुती जितका काळ एकमेकींपासून लांब, तितकी त्यांच्यात न दिसणारी फट पडायची जागा जास्त. हे पाचजणांच्या कचेरीलाही लागू आहे आणि पंचवीस हजारांनाही.

काळाइतकीच गर्दीही महत्त्वाची. पंचगंगेचं उदाहरण कोल्हापूरकरांना सांगायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती; प्रयाग चिखलीला हा संगम. एकेका नदीचं पाणी पोटात घेणं पात्राला जड नाही. सगळीकडचा पाऊस एकदम उतरला, त्यात पुढं नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब असली, की पाणी पुढं सरकत नाही आणि फुगवटा मागं येतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली जाते. महिनाअखेरीला सगळ्यांनी आपापल्या ब्रँच आणून ओतल्या की कचेरीत असाच फुगवटा चढतो: पहिल्याच्या मर्जमुळे दुसऱ्याची तिसरी प्रत जुनी होते, त्यानं दुरुस्त करेपर्यंत तिसरा घुसतो. लिनक्स कर्नलमध्ये हजारो लोकांचं काम येतं, तिथं यावर वेळापत्रकाचा बांध घातला आहे. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे मर्जची खिडकी उघडी, मग ती बंद, आणि पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. खिडकी उघडण्याआधी सगळ्यांचं पाणी एका रंगीत तालमीच्या ब्रँचमध्ये रोज एकत्र करून पाहिलं जातं. म्हणजे तिथंही फांद्या दोन महिने एकमेकींना न भेटता राहत नाहीत. फक्त अधिकृत लग्न उशिरा लागतं.

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप असा की काम अर्धवट असताना ते मुख्य ब्रँचमध्ये कसं आणायचं? उत्तर म्हणून बटण सुचवतात: नवा भाग आत आणा, पण पडद्यावर बंद ठेवा, तयार झाला की चालू करा. उत्तर बरोबर आहे, फुकट नाही. बटणं साचतात. कोणतं चालू, कोणतं बंद याच्या जोड्या वाढत जातात, आणि दहा बटणं म्हणजे हजारावर शक्य अवस्था. पण बटण सर्वांना दिसतं, त्याच्या भोवतीचा कोड रोज बाकीच्यांच्या बदलांशी घासून निघतो. बंद खोलीतली ब्रँच कोणालाच दिसत नाही. दिसणारा पसारा आवरता येतो. दुसरा आक्षेप नवशिक्यांचा: त्यांचं काम तपासल्याशिवाय आत घेणं धोक्याचं, आणि तपासणारा पुण्यात किंवा परदेशात बसलेला, त्याची सकाळ होईपर्यंत ब्रँच लोंबकळणारच. हे खरं आहे. पण मग रखडण्याचं कारण ब्रँच नसून तपासणी आहे, आणि उपाय तिथंच शोधायला हवा. दोन हजार ओळींचा बदल पाठवला तर तपासणारा ‘ठीक दिसतंय’ म्हणून सही करतो. साठ ओळींचा पाठवला तर पाच प्रश्न विचारतो. तपासणी नीट व्हावी असं ज्याला वाटतं त्यालाच बदल लहान ठेवण्याची गरज जास्त. तिसरा आक्षेप अलीकडचा: आता यंत्रच कॉन्फ्लिक्ट सोडवेल. ओळींचा सोडवेल, ‘ऱ्य’चा तर खुशाल सोडवू द्या. पण लिटर की किलो हा संस्थेचा निर्णय आहे. तो कोणी घेतलाच नसेल किंवा कुठं लिहिलाच नसेल तर यंत्रानं तो आणायचा कुठून?

सर्वांत वजनदार आक्षेप धंद्याचा आहे, आणि तो या भागातल्या लहान सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. गिऱ्हाइकं निरनिराळी: पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाना, अडत दुकान. प्रत्येकाला पावती आपल्या नमुन्यात हवी, व्याजाची रीत आपली हवी. मग गिऱ्हाइकागणिक ब्रँच निघते. बारा गिऱ्हाइकांच्या बारा ब्रँच झाल्या की एक चूक बारा ठिकाणी दुरुस्त करायची, आणि बाराही ठिकाणी आजूबाजूचा कोड थोडा-थोडा निराळा झालेला. ‘या ब्रँच दिवसात मर्ज करा’ हा उपदेश इथं निरर्थक आहे, कारण त्या परत यायच्याच नाहीत. इथं वारणेच्या तहाची आठवण होते. १७०७ नंतर शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यातल्या तंट्यातून भोसल्यांच्या गादीच्या दोन फांद्या झाल्या. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन ताराबाईंच्या जागी दुसरे संभाजीराजे आले. आणि १३ एप्रिल १७३१ च्या तहानं वारणेच्या दक्षिणेकडचा मुलूख करवीरला, उत्तरेकडचा साताऱ्याला असं ठरलं. तो तह म्हणजे मर्ज नव्हता. दोन चुली आहेत हे कबूल करून मधली भिंत कुठं ते लिहून ठेवणं होतं. पुढं १७६० मध्ये संभाजीराजे निपुत्रिक वारल्यावर दोन्ही गाद्या एक करण्याचा विचार पेशव्यांनी केला, तेव्हा त्यांच्या राणी जिजाबाईंनी तो चालू दिला नाही. दत्तक घेऊन गादी पुढं नेली. तोवर पन्नास वर्षांत दोन दरबार, दोन सरदारमंडळं, दोन निष्ठा रुजल्या होत्या. ती तिसरी प्रत, म्हणजे १७०७ पूर्वीचं एकच राज्य, कोणालाच परत नको होतं.

कायमच्या वेगळ्या ब्रँचला असा तह लागतो, आणि तो दोन तऱ्हांनी करता येतो. एक, लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांसारखा. जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात, पण दुरुस्ती आधी मुख्य खोडात जाते आणि मगच खाली जुन्या आवृत्तीत. प्रवाह एकाच दिशेचा. उलट दिशेनं काही आलं की वंशवृक्ष बिघडला. दुसरी तऱ्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या पॅटर्नवाल्याला माहीत आहे. दोन गिऱ्हाइकांचं कास्टिंग जवळजवळ सारखं, फक्त एका बॉसची, म्हणजे उंचवट्याची, उंची निराळी. तो दोन अख्खे पॅटर्न करून ठेवत नाही, कारण उद्या ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली तर दोन्ही बदलावे लागतील. एकच पॅटर्न ठेवतो आणि तेवढ्या जागी बदलता तुकडा बसवतो. पतसंस्थेच्या पावतीचा नमुना हा असाच तुकडा आहे. तो कोडच्या फांदीत नव्हे, सेटिंगच्या फायलीत असायला हवा. बारा ब्रँच मोडून एक खोड आणि बारा सेटिंगच्या फायली करणं हे महिनाभराचं किचकट काम आहे, आणि त्या महिन्यात गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं काही हाती लागत नाही, म्हणून ते लांबणीवर पडतं. फौंड्रीतला धोका इथंही आहे: चुकीचा तुकडा लावून साचे मारले तर पाळीभराचा माल भंगारात. म्हणून तुकड्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि रिव्हिजन कोरलेली असते. सेटिंगच्या फायलीवरही तसंच लिहिलेलं असावं, आणि रिलीजपूर्वी बाराही नमुन्यांची एकेक पावती छापून पाहावी. एवढं करूनही एखाद्या साखर कारखान्याची रीत इतकी निराळी निघते की तुकडा पुरत नाही. तिथं खुशाल वेगळी चूल मांडावी, तिचा खर्च वेगळा सांगावा, आणि खोडातलं काय तिला मिळणार व काय नाही हे करारात घालावं.

परत येणाऱ्या फांदीचं शेवटचं काम तेवढं राहिलं: मर्ज झाल्यावर तिला काढून टाकणं. बऱ्याच भांडारांत दोन-दोनशे मेलेल्या ब्रँच पडून असतात, कारण हात धजत नाही. माळ्यावरची तांब्याची भांडी मोडीत घालताना होतं तसं. पण मर्ज झालेली ब्रँच काढली म्हणजे जाते ती ४१ बाइटची चिठ्ठी. तिच्यावरचे कमिट मुख्य ब्रँचच्या वंशावळीत आहेतच. मर्ज न झालेली ब्रँच साध्या आज्ञेनं काढायला गेलं तर गिट स्वतःच नकार देतो, मुद्दाम जोर लावावा लागतो. आणि जोर लावून चूक झालीच, तरी ज्या यंत्रावर ते काम केलं त्यावर सुटे पडलेले पत्ते नेहमीच्या मांडणीत निदान तीस दिवस टिपलेले राहतात. त्या मुदतीत चिठ्ठी पुन्हा लिहिता येते.